जुनी शिकारी रायफल घरात असेल तर काडतुसं घेण्याआधी

"आजोबाची आहे जी, तीनशे पंधराच असन." आमच्या बंदुकांच्या दुकानात जुनी रायफल आली की बहुतेक वेळा हे वाक्यही सोबत येतं. कधी ती खरोखर .३१५ निघते, कधी नाही. म्हणून येताना परवाना आणि रायफल दोन्ही आणा. नुसत्या परवान्यावर विसंबू नका. त्यावरचा आकडा कधीकाळी कुणीतरी ऐकून लिहिलेला असू शकतो.

नळीवरचा आकडा गोळीचं माप नसतो, काडतुसाचं नाव असतं. .३१५ ची गोळी प्रत्यक्षात .३२३ इंच जाड असते. .२७५ रिग्बीची .२८४, तर .३१८ वेस्टली रिचर्ड्सची .३३०. कारण हे आकडे आटे, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचा, पाडण्याआधीच्या नळीचे, आणि गोळी बसते ती आट्यांच्या तळापर्यंत. .४०४ जेफरीची गोळी जवळपास .४२३ भरते, तिचा हिशेब कुठेच बसत नाही.

खरा घोटाळा होतो तो ८ मिलिमीटर माउझरमध्ये. १९०५ मध्ये जर्मन लष्कराने गोळी .३१८ वरून .३२३ केली, पण बारीक नळीच्या शिकारी रायफली त्यानंतरही बनत राहिल्या. त्यात जाड गोळी घातली तर दाब धोकादायक वाढतो. अशी रायफल आली की आम्ही चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागी, लवकर वितळणारा मिश्रधातू ओतून साचा काढतो आणि नळीही मोजतो. त्याला वेळ लागतो. घाई करू नका.

आपल्याकडचे बोअर, म्हणजे नळीच्या मापाचे हे आकडे, बरेचसे सरकारी हुकमांनी ठरवले. .३०३ हे लष्कराचं काडतूस, खासगी माणसाला वर्ज्य. म्हणून बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कंपनीने लष्कराच्याच ली धाटणीच्या रायफली ऑस्ट्रियन मॅनलिखर रायफलीच्या काडतुसात बनवल्या, तीच आपली .३१५. पुढे ती ईशापूरच्या कारखान्यात बनू लागली.

१९०७ मध्ये सरकारने हिंदुस्थानात आणि सुदानात .४५० बोअरवर बंदी घातली. लष्करी मार्टिनी-हेन्रीचं बोअरही तेच, त्यामुळे दारूगोळा बंडखोरांच्या हाती जाईल ही धास्ती. विलायती कारागिरांनी मग बोअर थोडं हलवलं आणि .४७०, .४६५ अशी काडतुसं पुढे आली. मध्य प्रांतातल्या जंगलांत वाघ-गव्यावर चालवलेल्या जोडनळी रायफलींवर हे आकडे दिसतात, ते त्या हुकमापायी. १९१२ ची .३७५ मॅग्नम वेगळी: बुडाशी पट्टा असलेलं तिचं काडतूस आजही बनतं.

जोडनळी रायफलीच्या नळीखालचे बारीक ठसे भिंगाने बघा. 'नायट्रो प्रूफ' किंवा 'कॉर्डाइट' असं असेल तर नळी धूरविरहित दारूवर तपासलेली आहे. तसं काही नसेल तर ती काळ्या दारूची असू शकते. आम्हाला दाखवल्याशिवाय बार काढू नका.

जुन्या काडतुसांच्या बुडाशी दारू पेटवणारी टोपी असते, तिच्यातलं रसायन बार झाल्यावर नळीत मीठ सोडायचं. नागपूरच्या पावसाळ्यात ते ओल धरतं आणि आटे खातं. त्यावर नुसतं तेल फिरवून भागत नाही, आधी उकळतं पाणी ओतावं लागतं. रायफल चामड्याच्या खोळीत ठेवू नका, ओल तिथेच मुरते.

परवानाधारक वारले असतील तर रायफल घरात ठेवू नका. शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. नावावर करण्याचा अर्ज शहरात पोलीस आयुक्तालयात, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे.