चालीवरची गाणी (प्रताधिकार म्हणजे कॉपीराइटविषयक वाद)

प्रचलित गाण्याची चाल घेऊन तीवर नवे शब्द बसवणे, मूळ ध्वनिमुद्रणाचा तुकडा वापरणे (सँपलिंग) आणि गायकाच्या आवाजाची नक्कल करणे यांतून उद्भवणारे वाद. मराठवाड्यात भीमगीते, आराध्यांची गाणी, भजने व प्रचारगीते यांत पहिला प्रकार सर्रास आढळतो. गीतपुस्तिकांत गाण्याच्या वर ‘चाल :’ असे लिहून मूळ गाण्याचा मुखडा देतात. वकिलाला हा कबुलीजबाब वाटेल. गाणाऱ्याला ती फक्त सूचना असते.

मुख्य प्रश्न चालीच्या मालकीचा. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या मूळ व्याख्येत सांगीतिक कृती छापलेली, लिहिलेली किंवा अन्य आलेखरूपात उतरवलेली असणे आवश्यक होते. गोंधळी, वाघ्या-मुरळी, शाहीर यांच्या चाली मात्र तोंडी चालत आल्या. त्यामुळे कर्ता हयात व माहीत असला, तरी त्याची अलिखित चाल व्याख्येबाहेर राही. तबकडीवरील खाचा हेही आलेखनच, असा युक्तिवाद करता येतो. परंतु अधिनियमाने ध्वनिमुद्रणाला वेगळा प्रताधिकार दिलेला असल्याने तो युक्तिवाद ओढूनताणून वाटतो. १९९४ च्या दुरुस्तीने (अंमल १० मे १९९५) स्वरलेखनाची अट गेली. परंपरागत चालींची गोष्ट निराळी : कर्ता अज्ञात असल्याने त्याच्या मृत्यूनंतरची ६० वर्षे मोजायची कोठून? अशी चाल कोणालाही घेता येते. मात्र एखाद्या संगीतकाराने तिच्यात घातलेली स्वतंत्र भर त्याची ठरू शकते, आणि गोंधळाच्या अंगाने बांधलेल्या चित्रपटगीतावरून पुन्हा गोंधळगीत बेतले, तर नेमका कोणता थर उचलला हे पाहावे लागते.

२०१२ च्या दुरुस्तीनुसार मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे उलटल्यावर, किमान ५०,००० प्रतींचे स्वामित्वधन (रॉयल्टी) भरून गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित करता येते. पण शब्द बदलता येत नाहीत. म्हणजे चालीवरचे गाणे या सवलतीत बसत नाही. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत व लग्नाच्या वरातीत गायला सूट आहे. तेच गाणे कॅसेटवर वा यूट्यूबवर आले की ती उरत नाही.

उचल किती झाली यापेक्षा काय उचलले याला महत्त्व असते. राम संपत विरुद्ध राजेश रोशन (मुंबई उच्च न्यायालय, २००८) या दोन संगीतकारांमधील प्रकरणात जाहिरातीच्या धुनेचा काही सेकंदांचा अंशही पुरेसा मानला गेला. कलम ६२ मुळे वादी आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावू शकतो. बीड वा नांदेडच्या संगीतकाराला त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

सँपलिंगवरील भारतीय निवाडे विरळच. जयंतीच्या मिरवणुकांत वाजणारी डीजे-मिश्रणे मूळ ध्वनिमुद्रणाच्या तुकड्यांवरच उभी असतात.

आवाजाच्या नकलेबाबत अधिनियम मौन आहे : कलम ३८ गायकाच्या सादरीकरणाला संरक्षण देते, गळ्याच्या जातीला नाही. अमेरिकेत गायिका बेट मिडलर विरुद्ध फोर्ड मोटार कंपनी (१९८८) या निवाड्याने जाहिरातीतील नक्कल गैर ठरवली. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेल्या नकलेस अंतरिम मनाई केली. ऑर्केस्ट्रातील हुबेहूब गाणाऱ्या माणसाला हे तत्त्व लागू पडेलच असे त्यावरून म्हणता येत नाही.