मोरेत्तो ब्रोच: आबनूस, मीना आणि एका चेहऱ्याचा इतिहास

व्हेनिसच्या सेंट मार्क चौकात, फ्लोरियन कॅफे ज्या कमानींखाली आहे त्याच रांगेत, नार्दी घराण्याने आपलं नाव कमावलं. ज्युलिओ नार्दी यांनी १९२०च्या दशकात ही दागिन्यांची पेढी सुरू केली, पुढच्या पिढ्यांनी चालवली. तिची ओळख ठरला तो 'मोरेत्तो' (छोटा मूर, म्हणजे कृष्णवर्णीय माणूस) ब्रोच. आबनूस या काळ्या, टणक लाकडाचा काळाभोर चेहरा, डोक्यावर रत्नजडित फेटा, अंगात सोन्याचं खड्यांनी मढवलेलं वस्त्र, आणि छातीखाली काहीच नाही.

हा चेहरा नार्दींच्या कितीतरी आधी शहरात होता. चित्रकार कार्पाच्चोने १४९०च्या दशकात रंगवलेल्या रियाल्तो पुलाच्या चित्रात गोंडोला वल्हवणारा आफ्रिकी तरुण दिसतो. त्या काळी आफ्रिकेतून आणलेली माणसं व्हेनिसमध्ये घरकामाला आणि होड्यांवर राबत. त्यांतले बरेच गुलाम होते. पुढे आंद्रेआ ब्रुस्तोलोन (१६६२–१७३२) या काष्ठशिल्पकाराने व्हेनिएर घराण्यासाठी जे फर्निचर कोरलं, त्यात चिनीमातीच्या फुलदाण्या पेलणारे आफ्रिकी पुरुष आहेत आणि त्यांच्या गळ्यात साखळ्या आहेत. हे फर्निचर आज का रेझोनिको संग्रहालयात आहे. मोरेत्तो ब्रोच पाहण्याआधी ते पाहावं, असं आम्हाला वाटतं. दागिन्यात साखळी दिसत नाही, दिसतो तो फक्त फेट्याचा थाट. पण चेहरा त्याच परंपरेतून आलेला आहे.

दागिन्यांतही तो जुनाच. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथने १५८८च्या सुमारास फ्रान्सिस ड्रेक या दर्यावर्दीला दिलेल्या पदकात आफ्रिकी पुरुषाचा चेहरा सार्डोनिक्समध्ये कोरलेला आहे. या दगडात गडद आणि फिकट थर एकावर एक असतात. कारागिराने गडद थरातून पुरुषाचा चेहरा काढला आणि त्याच्यामागे फिकट थरातून युरोपीय स्त्रीचा.

व्हेनिसच्या ब्रोचमध्ये दगडाची जागा आबनुसाने घेतली आणि कामाचा क्रमच बदलला. लाकडाला आग चालत नाही. झाळकाम करताना ज्योत लागली तर ते करपतं, आणि झाळल्यावर सोनं उजळायला वापरतात ते आम्ल लाकडात मुरतं. म्हणून फेटा, गळपट्टी, वस्त्र हे सगळं १८ कॅरेट सोन्यात आधी पुरं करायचं: झाळायचं, खडे कोंदणात बसवायचे, पॉलिश करायचं. चेहरा सगळ्यांत शेवटी, सोन्याच्या बारीक खिळीवर. खिळीसाठीचं भोक किंचित सैल ठेवावं लागतं, कारण हवेतल्या दमटपणाने लाकूड फुगतं आणि कोरड्या, तापवलेल्या खोलीत आकसतं. खिळी घट्ट ठोकली तर चीर पडते, बहुधा रेषांच्या दिशेने, गालावरून सरळ खाली. आबनूस बहुतेक वेळा पाण्यात बुडेल इतकं जड असतं आणि कोरताना ठिसूळपणे उडतं. नाकाचा शेंडा आणि ओठांची कड सगळ्यांत धोक्यात. त्याची धूळ त्वचेला आणि फुप्फुसांना त्रास देते, त्यामुळे तोंडावर मास्क हवाच.

पिनची जागाही नीट विचार करून ठरवावी लागते. फेट्यात खडे भरले की वजन वर जातं. पिन मधोमध बसवली तर ब्रोच पुढे झुकतो आणि चेहरा जमिनीकडे पाहायला लागतो. म्हणून पिन वरच्या एक तृतीयांश भागात घेतात, आणि जड नगाला दुहेरी पिन देतात, म्हणजे कापड ओढलं जात नाही.

एड्रियाटिकच्या पलीकडच्या काठावर, आज क्रोएशियात असलेल्या रियेका शहरात, हाच चेहरा वेगळ्या वाटेने गेला. तिथल्या सोनारांनी आबनूस आणि महाग खडे बाजूला ठेवले आणि छोट्या सोन्याच्या मुंडीवर काळा मीना (भाजून चढवलेला काचेचा रंग), फेट्यावर पांढरा मीना चढवला. त्याला 'मोर्चिच' म्हणतात. साहित्य स्वस्त झाल्याने तो कोळ्यांच्या आणि खलाशांच्या घरांत शिरला, मुख्यतः कानातल्यांच्या रूपात. तुर्की हल्ल्यातून वाचल्याची लोककथाही त्याला चिकटली. १९९१पासून तो रियेकाच्या कार्निव्हलचं बोधचिन्ह आहे.

मीन्याचं काम वरून सोपं दिसतं. काचेची पूड पाण्यात धुऊन वरचं गढूळ पाणी काढून टाकावं लागतं, नाहीतर रंग मळकट येतो. लेप पातळ द्यायचा, पूर्ण वाळवायचा. ओल राहिली तर भट्टीत वाफेने पूड उडते. ७५० ते ८५० अंश सेल्सियसला मिनिट-दोन मिनिटं, आणि असे दोन-तीन हात. मुंडी पोकळ असेल तर हवा निघायला भोक हवंच. आतला सांधा मीन्याच्या उष्णतेत वितळणार नाही अशाच कठीण झाळीने जोडलेला असावा लागतो. काळ्याचा एखादा कण पांढऱ्यात गेला तर तो डाग पुन्हा भाजून जात नाही.

१९३०च्या दशकात पॅरिसच्या कार्तिये पेढीनेही असे चेहरे केले आणि ते मोठ्या फॅशनमध्ये होते. डिसेंबर २०१७मध्ये ब्रिटिश राजघराण्यातल्या प्रिन्सेस मायकेल ऑफ केंट बकिंगहॅम राजवाड्यातल्या नाताळच्या भोजनाला याच प्रकारचा ब्रोच लावून गेल्या. प्रिन्स हॅरीच्या तेव्हाच्या वाग्दत्त वधू मेगन मार्कल, ज्यांची आई कृष्णवर्णीय आहे, त्या भोजनाला होत्या. टीका झाली आणि प्रिन्सेसच्या वतीने माफी मागितली गेली. आमच्या मते ती टीका रास्त होती. कारागिरी कितीही अव्वल असली, तरी नाव नसलेल्या माणसाचं डोकं छातीवर मिरवण्यामागे कुणाचा इतिहास आहे, हे लावणाऱ्याला ठाऊक असायला हवं.

जुना नग हाती आला तर आधी कडा पाहाव्यात. रंगवलेल्या लाकडात झिजलेल्या जागी फिकट लाकूड डोकावतं, राळेत साच्याची रेघ सापडते. साफसफाई कोरड्या मऊ ब्रशनेच. अल्ट्रासोनिक यंत्रात मीना तडकतो आणि आबनूस पाणी पितं. कोंदण दुरुस्त करायचं तर चेहरा आधी खिळीवरून सोडवावा. नव्या आबनुसाची सोयही आता कमी झाली आहे: मादागास्करच्या आबनुसाचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१३पासून साइट्स (धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) या कराराखाली नियंत्रित आहे, म्हणून बदली चेहरा कोरून घेताना लाकडाची कागदपत्रं मागून घ्यावीत.