मानवतावादी अभ्यास आणि विकास अभ्यास: शेजारच्या दोन विषयांमधली सीमारेषा

पदवीसाठी ‘मानवतावादी अभ्यास’ घ्यावा की ‘विकास अभ्यास’, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला बहुतेक वेळा ‘दोन्ही सारखेच’ असे उत्तर मिळते. या उत्तराला काही आधार नक्कीच आहे, कारण दोन्ही विषयांच्या माहितीपत्रकांत गरिबी, निर्वासित, सार्वजनिक आरोग्य, लिंगभाव आणि संयुक्त राष्ट्रसंघ हेच शब्द फिरून फिरून येतात आणि दोन्हींचे पदवीधर पुढे कित्येकदा एकाच संस्थेत काम करताना दिसतात. मराठीत हा गोंधळ आणखी वाढतो. ‘मानवतावाद’ म्हटले की आपल्याला माणूस केंद्रस्थानी मानणारे तत्त्वज्ञान आठवते, आणि ‘मानव्यविद्या’ म्हणजे तर साहित्य, इतिहास, भाषा हे विषय. येथे अभिप्रेत असलेला मानवतावादी अभ्यास या दोन्हींहून वेगळा आहे. युद्ध, दुष्काळ, भूकंप किंवा साथ यांत सापडलेल्या माणसांचा जीव आणि सन्मान कसा राखायचा, त्याचे नियम कोणते आणि ते का मोडतात, याचा तो अभ्यास आहे. बोलीभाषेत आपण ज्याला मदतकार्य म्हणतो, त्याचेच हे शास्त्र.

दोन्ही विषयांसमोर एकच प्रश्न ठेवून पाहावा. एका वस्तीत पिण्याचे पाणी नाही. मानवतावादी अभ्यासाचा विद्यार्थी प्रथम विचारेल की आज माणशी किती पाणी मिळते आहे. मदतकार्यात प्रमाण मानल्या जाणाऱ्या ‘स्फिअर’ मानकांनुसार दरडोई दररोज किमान १५ लिटर पाणी मिळावे, एका नळावर २५० पेक्षा अधिक माणसे अवलंबून नसावीत आणि वीस माणसांमागे एक शौचालय असावे. त्याहून कमी असेल, तर पटकी पसरण्याआधी टँकर, टाक्या आणि क्लोरीन आणणे हे त्याचे काम. विकास अभ्यासाचा विद्यार्थी त्याच वस्तीत विचारेल की पाणी का नाही, विहीर कोणाच्या जमिनीत आहे, पंप बिघडल्यावर दुरुस्तीचा खर्च कोण करणार आणि पाणीपट्टी ठरवणाऱ्या समितीत बायकांना बसू दिले जाते का. पहिल्याच्या हिशेबात आठवडा मोठा असतो, दुसऱ्याच्या हिशेबात दशकही अपुरे पडते. दोघांनाही आपापला प्रश्न अधिक मूलभूत वाटतो, हे सांगायला नकोच.

हा फरक दोन्ही विषयांच्या उगमापासून आहे. २४ जून १८५९ रोजी उत्तर इटलीत सोल्फेरिनोची लढाई झाली. व्यवसायासाठी त्या भागात गेलेले जिनिव्हाचे आंरी द्युनां यांनी रणांगणावर बेवारस पडलेले हजारो जखमी पाहिले आणि जवळच्या गावातील स्त्रियांना सोबत घेऊन, कोणत्या सैन्याचा गणवेश अंगावर आहे हे न पाहता, त्यांची शुश्रूषा सुरू केली. त्या अनुभवातून १८६३ मध्ये आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समिती उभी राहिली आणि १८६४ मध्ये युद्धातील जखमी सैनिकांना संरक्षण देणारा पहिला जिनिव्हा करार झाला. विकासाची आंतरराष्ट्रीय कल्पना मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर, वसाहती स्वतंत्र होण्याच्या काळात आकाराला आली, आणि तिच्या मध्यभागी जखमी माणसाऐवजी नव्याने उभे राहणारे राष्ट्र होते. पुढे १९९० मध्ये पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने पहिला मानव विकास अहवाल निघाला. उत्पन्नाबरोबर आयुर्मान आणि शिक्षणही मोजले जाऊ लागले, तरी मोजमापाचा घटक बव्हंशी देश हाच राहिला.

खरी दरी आहे ती राजकारणाकडे पाहण्याच्या दृष्टीत, आणि विद्यार्थ्यांची सर्वाधिक फसगत येथेच होते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने डिसेंबर १९९१ मध्ये मानवता, तटस्थता आणि निःपक्षपातीपणा ही मदतकार्याची तत्त्वे मान्य केली आणि नंतर त्यांत स्वातंत्र्याची, म्हणजे मदत राजकीय वा लष्करी हेतूंपासून अलिप्त ठेवण्याची, भर पडली. यातील निःपक्षपातीपणा आणि तटस्थता हे समानार्थी शब्द नाहीत. निःपक्षपातीपणा म्हणजे गरज हाच एकमेव निकष मानून मदत देणे, आणि तटस्थता म्हणजे लढणाऱ्यांपैकी कोणाचीही बाजू न घेणे. पहिल्या तत्त्वावर सहसा कोणी वाद घालत नाही. दुसऱ्यावर मात्र हे सारे क्षेत्र गेली अनेक दशके भांडते आहे. नायजेरियातील बियाफ्राच्या युद्धात काम केलेल्या काही फ्रेंच डॉक्टरांना तटस्थतेपोटी पाळावे लागणारे मौन असह्य झाले, आणि १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ‘मेदसां सां फ्रोंतिएर’ (सीमांपलीकडचे डॉक्टर) या वैद्यकीय मदतसंस्थेच्या मुळाशी ती अस्वस्थता होती.

१९९४ च्या रवांडातील वंशसंहारानंतर तर हा पेच टोकाला गेला. लाखो निर्वासित सीमा ओलांडून तेव्हाच्या झाईरमधील (आजचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) गोमा परिसरात आले, छावण्यांत पटकीने हजारो माणसे दगावली, आणि मदतीचे वाटप ज्यांच्या हाती गेले त्यांत खुद्द संहार घडवणारेही होते. वर्षाच्या अखेरीस ‘मेदसां सां फ्रोंतिएर’च्या फ्रेंच शाखेने छावण्यांतून माघार घेतली, तर इतर अनेक संस्था तेथेच राहिल्या. मानवतावादी अभ्यासाच्या वर्गात या निर्णयाचे एकच बरोबर उत्तर देता येत नाही, आणि माझ्या मते जो अभ्यासक्रम ते देतो तो वरवरचा समजावा.

विकास अभ्यासाला असा तटस्थपणा परवडतच नाही. जमीन सुधारणा, किमान वेतन किंवा सार्वत्रिक शिक्षण यांत कोणाला तरी काही सोडावे लागते. म्हणून तेथे बाजू घेणे हा दोष नसून कामाचा भाग आहे, आणि सरकारबरोबर काम करणे हा नेहमीचा मार्ग आहे. मदतकार्यालाही संबंधित देशाची संमती लागते, परंतु तेच सरकार संघर्षातील एक पक्ष असू शकते, याचे भान तेथे सतत ठेवावे लागते.

दुष्काळाच्या उदाहरणात दोन्ही विषय एकमेकांना भिडतात. अन्नसुरक्षेच्या पाच टप्प्यांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, किमान २० टक्के कुटुंबांना अन्नाचा टोकाचा तुटवडा, ३० टक्के बालकांत तीव्र कुपोषण आणि उपासमारीमुळे दर दहा हजारांमागे दररोज दोन मृत्यू, असे झाल्यावर ‘दुष्काळ’ हा शेवटचा टप्पा मानला जातो. ही मोजणी मदतकार्याची. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा आधार घेऊन दाखवले की अन्नाचे उत्पादन कोसळले नसतानाही ते विकत घेण्याची ताकद गेल्यामुळे माणसे उपाशी मरतात. हा विचार विकास अभ्यासाचा. तरी आज अडचणीच्या वेळी धान्याऐवजी रोख रक्कम देण्याचे धोरण मदतसंस्था अवलंबतात, तेव्हा त्यांचा युक्तिवाद सेन यांच्या मांडणीशी जुळणाराच असतो.

प्रत्यक्षात सीमारेषा पुसट होते ती बहुधा काळामुळे. केनियातील दादाब येथील निर्वासित छावण्या १९९१ मध्ये तात्पुरत्या म्हणून सुरू झाल्या. तेथे जन्मलेली मुले आता स्वतः आईबाप झाली आहेत. अशा ठिकाणी शाळा चालवणे हे मदतकार्य की विकास, याचे उत्तर बऱ्याचदा निधी कोणत्या खात्यातून आला यावर ठरते.

पदवीच्या पातळीवर निवडीचा प्रश्न थोडा व्यावहारिकही आहे. विकास अभ्यास अनेक विद्यापीठांत पदवीला शिकवला जातो. मानवतावादी अभ्यास अजूनही मुख्यतः पदव्युत्तर विषय आहे, आणि न्यूयॉर्कचे फोर्डम किंवा इंग्लंडमधील मँचेस्टर यांसारखी थोडीच विद्यापीठे तो पदवीला देतात. नावावर जाऊ नये, विषयांची यादी पाहावी. तीत १९४९ चे जिनिव्हा करार, साथरोगशास्त्र, पुरवठा व्यवस्था आणि विस्थापनाचा कायदा असेल, तर तो मानवतावादी अभ्यास आहे. सूक्ष्म अर्थशास्त्र, शेती आणि जमीनधारणा, सार्वजनिक धोरण आणि वसाहतवादाचा इतिहास असेल, तर वर काहीही छापलेले असले तरी तो विकास अभ्यासच. संख्याशास्त्राचा एकही पेपर नसेल, तर मात्र दोन्हींपैकी कोणत्याही नावाच्या अभ्यासक्रमाबद्दल दोनदा विचार करावा, कारण दर दहा हजारांमागे दोन हा आकडा कसा काढला, हे ज्याला तपासता येत नाही त्याला तो खोटा ठरवणाऱ्या अधिकाऱ्यापुढे गप्प बसावे लागते.