न्यूपोर्ट (ऱ्होड आयलंड) : व्यापार, जहाजवाहतूक आणि गुलामगिरी

न्यूपोर्ट : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ऱ्होड आयलंड राज्याचे जुने बंदर. नॅरगॅन्सिट उपसागराच्या मुखाशी, अक्विडनेक बेटाच्या दक्षिण टोकाला ते वसले आहे. विल्यम कॉडिंग्टन, जॉन क्लार्क, निकोलस ईस्टन आदींनी १६३९ मध्ये येथे वसाहत केली. समोरच्या गोट बेटामुळे बंदराला वाऱ्यापासून आडोसा मिळतो, पाणी खोल आहे आणि खुला समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास बॉस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया व चार्ल्सटन यांच्या बरोबरीने उत्तर अमेरिकेतील पाच मोठ्या बंदरांत न्यूपोर्टची गणना होई. प्रस्तुत नोंद वसाहतीच्या स्थापनेपासून १८०८ च्या गुलाम-आयातबंदीपर्यंतच्या काळापुरती आहे.

वसाहतीत धर्ममतांना मोकळीक असल्याने इतरत्र छळ सोसणारे लोक येथे आले. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक १६५७ मध्ये आले. ज्यू कुटुंबांच्या आगमनाचे वर्ष अनेक ग्रंथांत १६५८ असे दिलेले आढळते. मात्र त्याचा आधार बऱ्याच नंतरच्या काळात सांगितल्या गेलेल्या एका कागदावर आहे. दफनभूमीच्या जागेचे १६७७ चे खरेदीखत हा त्याहून भक्कम पुरावा असल्याने तेच वर्ष धरणे अधिक सुरक्षित. या दोन्ही समाजांचे नातेवाईक व धर्मबंधू बार्बेडोस, लंडन अशा ठिकाणी विखुरलेले होते. अनोळखी बंदरात उधारीवर माल देताना ही ओळखपाळख उपयोगी पडे.

गुलामगिरीचा आरंभ व १६५२ चा कायदा : कोणालाही दहा वर्षांहून अधिक काळ सेवेत बांधून ठेवू नये, चौदा वर्षांखालील मुलांना चोविसाव्या वर्षी मुक्त करावे आणि ही मुदत मोडणाऱ्यास चाळीस पौंड दंड करावा, असा ठराव मे १६५२ मध्ये झाला. उत्तर अमेरिकेतील इंग्रज वसाहतींमधला हा पहिला गुलामगिरीविरोधी कायदा म्हणून त्याचा गौरव केला जातो. तो कोणी संमत केला, हे मात्र पाहिले पाहिजे. त्या वेळी कॉडिंग्टनने इंग्लंडहून स्वतंत्र सनद आणली होती आणि वसाहत दुभंगली होती. ठराव करणारे प्रतिनिधी प्रॉव्हिडन्स व वॉरिक या मुख्य भूमीवरील दोन गावांचे होते. न्यूपोर्ट व पोर्ट्‌स्मथ त्यात नव्हते. म्हणजे ज्या गावात पुढे गुलामांचा व्यापार फोफावला, त्या गावाने हा कायदा केलाच नव्हता. पुढे वसाहत पुन्हा एकत्र झाली, पण कायद्याची अंमलबजावणी झाल्याचा पुरावा नाही. त्यामुळे त्याकडे जिवंत कायदा म्हणून न पाहता एका विवेकी क्षणाची नोंद म्हणून पाहावे, हे अभ्यासकांचे मत ग्राह्य वाटते.

आफ्रिकेतून थेट माणसे आणल्याची पहिली निश्चित नोंद १६९६ ची आहे. गव्हर्नर सॅम्युअल क्रॅन्स्टन यांनी १७०८ मध्ये लंडनच्या व्यापार मंडळाला पाठवलेल्या उत्तरात तिचा उल्लेख येतो. ‘सी फ्लावर’ या ब्रिगँटिन प्रकारच्या जहाजातून ४७ आफ्रिकी न्यूपोर्टला उतरवले गेले. त्यांपैकी १४ जण येथेच ३० ते ३५ पौंडांना विकले आणि उरलेल्यांना खुष्कीच्या मार्गाने बॉस्टनला नेले. मालक तिकडचे होते. एरवी दरसाल वीस ते तीस गुलाम बार्बेडोसहून येतात, असेही उत्तरात म्हटले आहे. सतराव्या शतकाच्या मध्यापासून गावात तुरळक आफ्रिकी होते, असे दिसते. त्यांच्याविषयीचे कागद फारच थोडे आहेत.

रम व मळी : न्यूपोर्टच्या व्यापाराची खरी अडचण अशी, की इंग्लंडहून येणारे कापड, लोखंड, भांडी यांची किंमत चुकवायला वसाहतीकडे स्वतःचे मोठे पीक नव्हते. व्हर्जिनियाची तंबाखू किंवा कॅरोलायनाचा तांदूळ यांसारखे इथे काही पिकत नसे. उपसागरापलीकडच्या नॅरगॅन्सिट भागात गुलामांच्या श्रमावर चालणारी मोठी शेते होती. तिथले चीज व घोडे, शिवाय खारवलेले मासे, लाकूड, पिंपांच्या फळ्या आणि देवमाशाच्या डोक्यातील मेणापासून केलेल्या मेणबत्त्या वेस्ट इंडीजला जात. परतीच्या जहाजांतून येई ती उसाची मळी. फ्रेंच बेटांवर मळी विशेष स्वस्त मिळे, कारण ब्रँडीच्या धंद्याला धक्का लागू नये म्हणून फ्रान्सने तिथल्या रमला आपल्या बाजारात थारा दिला नव्हता. न्यूपोर्टच्या भट्ट्यांमध्ये मळीपासून रम गाळली जाई. एका गॅलनला जवळपास एक गॅलन उतारा पडे.

आफ्रिकेच्या किनाऱ्यावर युरोपीय जहाजे हिंदुस्थानी सुती कापड, लोखंडी कांबी, बंदुका आणि कवड्या अशा विविध मालाच्या जोरावर व्यापार करीत. न्यूपोर्टच्या व्यापाऱ्यांजवळ असा माल नव्हता. रम मात्र होती. आफ्रिकेसाठी ती मुद्दाम अधिक कडक गाळत. गोल्ड कोस्टवर (आजच्या घानाचा किनारा), विशेषतः अनोमाबू येथे, या जहाजांना ‘रमवाले’ असेच नाव पडले. व्यापारी पत्रांवरून १७५० नंतरच्या दशकात एका प्रौढ पुरुषाचा भाव साधारण शंभर ते सव्वाशे गॅलन होता असे दिसते. स्त्रीला त्याहून कमी धरीत. अमेरिकन क्रांतीच्या आधीच्या वर्षांत हा आकडा दोनशे गॅलनांच्या घरात गेला. माणसाची किंमत गॅलनात लिहिलेली ही पत्रे वाचताना मन घट्ट करावे लागते. लिहिणाऱ्यांचा सूर मात्र घोडे आणि मेणबत्त्या यांच्या हिशेबात असे तोच आहे.

जहाजे व सफरी : लिव्हरपूलच्या मानाने न्यूपोर्टची गुलामवाहू जहाजे लहान असत. एका डोलकाठीची स्लूप, दोन डोलकाठ्यांची ब्रिगँटिन किंवा स्कूनर हे नेहमीचे प्रकार. खलाशी आठ-दहा, फार तर बारा-पंधरा. जाताना पोटात रमची पिंपे आणि येताना त्याच जागी फळ्यांचे तात्पुरते मजले घालून माणसे. मोठ्या जहाजांना माल जमवायला कित्येक महिने किनाऱ्यावर थांबावे लागे. लहान जहाज लवकर भरे, हा व्यापाऱ्यांचा हिशेब होता. कप्तानाला पगाराखेरीज दर १०४ माणसांमागे चौघांची किंमत दलाली म्हणून मिळे आणि एक-दोन गुलाम स्वतःच्या खात्यावर आणण्याची सवलतही असे. जहाजात गावातील अनेकांचा हिस्सा असे.

बंदिवानांचा प्रतिकार लहान जहाजावर कधी कधी यशस्वी होई. १७३० च्या जूनमध्ये कप्तान जॉर्ज स्कॉट याच्या ‘लिटल जॉर्ज’ या स्लूपवर ९६ बंदिवान होते. पहाटे काही पुरुष बेड्यांतून सुटले, पहाऱ्यावरच्या खलाशांना ठार करून त्यांनी जहाज ताब्यात घेतले. कप्तान व उरलेले खलाशी कोठडीत अडकून पडले. वर बंदिवान आणि खाली गोरे, अशा अवस्थेत जहाज कित्येक दिवस चालले. अखेर आफ्रिकी लोकांनी ते सिएरा लिओन नदीत आणले आणि ते किनाऱ्यावर उतरून निघून गेले. स्कॉटने स्वतः दिलेल्या हकिगतीमुळेच ही घटना आपल्याला ठाऊक आहे. जहाज चालवण्याचा अनुभव नसलेल्या लोकांनी ते कसे वळवले, हे त्यांच्या तोंडून कोणी लिहून घेतले नाही.

‘त्रिकोणी व्यापार’ या संज्ञेचा वाद : न्यूपोर्टहून रम आफ्रिकेला, तिथून माणसे वेस्ट इंडीजला, तिथून मळी न्यूपोर्टला, असा त्रिकोण शालेय पुस्तकांतून सर्वांच्या परिचयाचा आहे. इतिहासकार गिल्मन ऑस्ट्रँडर यांनी १९७३ मध्ये या आकृतीवर कठोर टीका केली. हा त्रिकोण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील लेखकांनी रचला आणि न्यू इंग्लंडच्या एकंदर व्यापारात आफ्रिकी सफरींचा वाटा किरकोळ होता, असा त्यांचा आशय. याउलट जे कॉफ्ट्री यांनी १९८१ मध्ये ऱ्होड आयलंडच्या सफरींची एकेक नोंद तपासून मांडणी केली. १७०९ ते १८०७ या काळात किमान ९३४ सफरी झाल्या आणि त्यांतून सुमारे १,०६,५४४ माणसे नेली गेली, असा त्यांचा हिशेब आहे. (दुसरा आकडा नेमका दिसत असला, तरी तो सरासरीवरून काढलेला अंदाज आहे.) अमेरिकी जहाजांवरील गुलाम-व्यापारात निम्म्याहून बराच अधिक भाग ऱ्होड आयलंडचा होता आणि क्रांतीपूर्वी त्यातील बहुतेक जहाजे न्यूपोर्टची होती.

दोन्ही मतांत तथ्य आहे, पण कॉफ्ट्री यांचा पक्ष अधिक सबळ वाटतो. गुलामवाहू जहाजे खरोखर तिन्ही बाजू फिरून परत येत. मात्र मळीचा मोठा भाग त्यांतून नव्हे, तर वेस्ट इंडीजशी थेट ये-जा करणाऱ्या जहाजांतून येई, आणि माणसे विकून मिळालेली रक्कम पुष्कळदा लंडनवरील हुंड्यांच्या रूपात येई. या हुंड्या इंग्रज सावकारांकडे देऊन कापड व लोखंडाचे देणे फिटे. तेव्हा त्रिकोण होता तो जहाजांपेक्षाही अधिक हिशेबवह्यांत होता.

ऱ्होड आयलंडने १७६४ मध्ये परकी मळीवर जकात बसवणाऱ्या साखर कायद्याविरुद्ध इंग्लंडला पाठवलेले निवेदन या संदर्भात मोलाचे आहे. वसाहतीत तीसहून अधिक भट्ट्या, वर्षाला सुमारे १४,००० पिंपे मळी, त्यांतील जेमतेम २,५०० इंग्रज बेटांवरून; परदेशी जाणारी १८४ जहाजे, त्यांपैकी सुमारे १८ आफ्रिकेला, सोबत १,८०० पिंपे रम, असे आकडे त्यात आहेत. १८४ पैकी १८ म्हणजे दहांतले एक, तेव्हा गुलामांचा व्यापार गौण, असा निष्कर्ष कोणी काढतात. तो दिशाभूल करणारा आहे. उरलेली जहाजे ज्या बेटांना मासे, घोडे व लाकूड पुरवीत, ती बेटेही गुलामांच्याच श्रमावर चालत होती. शिवाय वसाहतीला इंग्लंडकडे दरसाल पाठवाव्या लागणाऱ्या रकमेपैकी ४०,००० पौंड आफ्रिकी व्यापारातून येतात, असे हेच निवेदन सांगते. बाकीची ११,५०० पिंपे मळी परकी बेटांवरून, बहुतांशी परकी मळीवरील १७३३ च्या कायद्यातील जकात चुकवून येई, हेही त्यात जवळजवळ उघडच कबूल केले आहे.

व्यापारी घराणी : मॅलबोन, रेडवुड, चॅम्प्लिन, व्हर्नन, लोपेझ ही नावे वारंवार येतात. एब्राहम रेडवुड हे क्वेकर. अँटिग्वा बेटावर त्यांचा उसाचा मळा आणि मोठ्या संख्येने गुलाम होते. त्यांच्या देणगीतून १७४७ मध्ये ग्रंथालय स्थापन झाले, ते आजही चालू आहे. सॅम्युअल व विल्यम व्हर्नन बंधूंच्या ‘हेअर’ या जहाजातून १७५६ मध्ये सिएरा लिओनहून चार्ल्सटनला नेलेल्या मुलांत सुमारे दहा वर्षांची एक मुलगी होती. खरेदी करणाऱ्या मळेवाल्याच्या वहीत तिचे नाव प्रिसिला असे लिहिले गेले. जहाजाचे आणि मळ्याचे असे दोन्हीकडचे कागद जुळून एकाच व्यक्तीचा माग लागणे फार दुर्मिळ. आरन लोपेझ हे पोर्तुगालहून १७५२ मध्ये आलेले ज्यू व्यापारी. त्यांचा मुख्य धंदा मेणबत्त्या, देवमाशाचे तेल व वेस्ट इंडीजचा व्यापार. सुमारे वीस आफ्रिकी सफरींतही त्यांचा पैसा होता. त्यावरून साऱ्या ज्यू समाजावर या व्यापाराचा ठपका ठेवणारे लिखाण अधूनमधून दिसते; त्याला आधार नाही. बहुसंख्य सफरी ख्रिस्ती घराण्यांच्या होत्या.

गावातील गुलाम : खानेसुमारीनुसार १७०८ मध्ये २,२०३ रहिवाशांत २२० कृष्णवर्णी सेवक होते, १७५५ मध्ये ६,७५३ पैकी १,२३४ आणि १७७४ मध्ये ९,२०९ पैकी १,२४६ कृष्णवर्णी होते. शेवटच्या दोन आकड्यांत काही मुक्त लोकही धरलेले आहेत. पिंपे बांधणे, दोरखंड वळणे, शिडे शिवणे, भट्टीवर राबणे, धक्क्यावर हमाली आणि घरकाम ही त्यांची कामे. काही जण खलाशीही होते. आयात होणाऱ्या प्रत्येक गुलामावर तीन पौंड जकात असे. १७२९ मध्ये या उत्पन्नाचा निम्मा भाग न्यूपोर्टचे रस्ते फरसबंद करण्यासाठी आणि निम्मा मुख्य भूमीवरील पुलांसाठी राखला गेला. ही जकात १७३२ मध्ये रद्द झाली.

फेअरवेल रस्त्यावरील सार्वजनिक दफनभूमीचा एक भाग ‘गॉड्स लिटल एकर’ म्हणून ओळखला जातो. आफ्रिकी लोकांच्या कबरींवर इतके कोरीव दगड अमेरिकेत क्वचितच कुठे टिकले आहेत. एका पाटीच्या दगडावर असा मजकूर आहे : हा दगड पॉम्पी स्टीव्हन्सने आपला भाऊ कफी गिब्ज याच्या स्मरणार्थ घडवला, मृत्यू २७ डिसेंबर १७६८, वय ४० वर्षे. पॉम्पी हे स्टीव्हन्स घराण्याच्या पाथरवटी कारखान्यातील गुलाम. सख्खे भाऊ असून आडनावे निराळी, कारण ती मालकांची होती. पहिली नावेही तितकीच बोलकी आहेत. पॉम्पी हे मालकांच्या आवडीचे रोमन नाव. कफी म्हणजे आकान भाषेतील कोफी, शुक्रवारी जन्मलेला मुलगा. (क्वामिनो म्हणजे शनिवारचा, कजो म्हणजे सोमवारचा.) त्याच कारखान्यातील झिंगो स्टीव्हन्स आणि पॉम्पी ही एकच व्यक्ती, मुक्तीनंतर त्यांनी नाव बदलले, असे पूर्वी मानले जाई. अलीकडे नोंदी बारकाईने पाहून ते दोन वेगळे पुरुष असल्याचे मत पुढे आले आहे आणि तेच पटण्यासारखे आहे. झिंगो यांची पत्नी फिलिस १७७३ मध्ये वारली. तिच्या दगडावर तान्ह्या मुलाला कवटाळलेली आकृती कोरली आहे.

विरोध, कायदे व ऱ्हास : काँग्रिगेशनल पंथाचे धर्मोपदेशक एझ्रा स्टाइल्स यांनी १७५६ मध्ये एका कप्तानाजवळ रमचे पिंप देऊन आफ्रिकेहून दहा वर्षांचा मुलगा आणवला आणि त्याचे नाव न्यूपोर्ट ठेवले. पुढे त्यांचे मत पालटले व १७७८ मध्ये त्यांनी त्याला मुक्त केले. त्यांचे सहव्यवसायी सॅम्युअल हॉप्किन्स १७७० पासून येथे होते आणि ज्यांच्या पैशावर चर्च चालत होते त्यांच्यासमोर उभे राहून ते या व्यापाराला पाप म्हणत. क्वेकरांनी १७७३ मध्ये आपल्या सभासदांना गुलाम मुक्त करण्यास सांगितले. वसाहतीत गुलाम आणण्यावर १७७४ मध्ये बंदी आली. १ मार्च १७८४ नंतर जन्मलेली मुले मोठी झाल्यावर मुक्त होतील असे ठरले. १७८७ मध्ये राज्यातील नागरिकांना हा व्यापारच मना झाला. तरी तो थांबला नाही. क्रांतियुद्धात डिसेंबर १७७६ ते ऑक्टोबर १७७९ इंग्रज फौज न्यूपोर्टमध्ये होती. शेकडो घरे सरपणासाठी पाडली गेली, व्यापारी पांगले. बंदर त्यातून सावरले नाही. व्यापार प्रॉव्हिडन्सकडे आणि गुलामांच्या सफरी मुख्यतः ऱ्होड आयलंडमधल्याच ब्रिस्टल गावच्या डीवुल्फ घराण्याकडे गेल्या. १८०८ च्या संघीय बंदीपर्यंत त्या चालू होत्या.

न्यूपोर्टच्या आफ्रिकी रहिवाशांनी १७८० मध्ये ‘फ्री आफ्रिकन युनियन सोसायटी’ स्थापन केली. मर्तिकाचा खर्च, विधवांना मदत आणि जन्म-मृत्यूंची नोंद ठेवणे ही तिची कामे. तिच्या चालकांपैकी ऑक्रमार मारिकू हे १७६० च्या सुमारास चौदा वर्षांचे असताना येथे आणले गेले आणि कप्तान कॅलेब गार्डनर याला विकले गेले. गाव त्यांना न्यूपोर्ट गार्डनर म्हणे. ते संगीत शिकवीत. १७९१ मध्ये सोडतीत लागलेल्या पैशाच्या आधारे ते व त्यांचे कुटुंब मुक्त झाले. सुमारे ऐंशी वर्षांचे असताना, जानेवारी १८२६ मध्ये, बॉस्टनहून ‘व्हाइन’ या जहाजाने ते लायबीरियाला निघाले. तिथे पोहोचल्यावर त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.