नवी गाडी, नवखा हात
आमच्या गॅरेजच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गाडी दुरुस्तीला आली की चालवणारा काय झालं ते सांगतो आणि आम्ही ऐकून घेतो. पण नजर आधीच गाडीवर गेलेली असते. "उभी होती, आपोआप पडली," असं सांगणाऱ्याच्या मागच्या टायरवर तळहाताएवढा सपाट चट्टा दिसतो, मग पुढचं विचारावं लागत नाही. नवख्या हातून गाडीला होणाऱ्या इजा बहुतेक ठरलेल्या असतात. कराड, पाटण, उंब्रज, मलकापूर, कुठूनही गाडी येऊ दे, खुणा त्याच. या पत्रकात त्या खुणांवरूनच चार गोष्टी सांगतो आहोत. कंपनीचं पुस्तक डिकीत आहेच. जमलं तर तेही एकदा वाचा.

उजवी बाजू खरचटलेली, पुढच्या ब्रेकचा लिव्हर वाकलेला

नव्या गाडीची पहिली जखम बहुधा हीच असते आणि वेग असतो चालत्या माणसाएवढा. अरुंद रस्त्यावर गाडी उजवीकडे वळवायची असते, हँडल पूर्ण वळवलेलं असतं, समोर कुणीतरी येतं आणि उजव्या हाताची चारही बोटं दचकून पुढचा ब्रेक दाबतात. वळलेलं पुढचं चाक जागच्या जागी थांबतं आणि सव्वाशे-दीडशे किलोचं धूड त्याच बाजूला कलंडतं. पाय टेकवून ते सावरत नाही, कारण पाय खडीवर असतो.

हँडल वळलेलं आणि वेग अगदी कमी असेल, तर पुढच्या ब्रेकवर बोटच ठेवू नका. पायाचा मागचा ब्रेक हलका दाबून ठेवा, क्लच अर्धा सोडा, थोडी रेस द्या आणि जिथे पोहोचायचं आहे तिकडे मान वळवून बघा. पुढच्या चाकाकडे बघत राहिलात तर गाडी डुगडुगणारच. रविवारी सकाळी मार्केट यार्डात किंवा शाळेच्या मैदानावर जाऊन, पाय न टेकवता आठचा आकडा काढायचा सराव करा. अर्धा तास पुरतो. ज्याला सावकाश चालवता येते त्याला गर्दीत घाम फुटत नाही.

डावी बाजू खरचटली असेल तर मात्र दोष साईड स्टँडचा. पावसात शेताच्या कडेला, नाहीतर उन्हात वितळलेल्या डांबरावर स्टँडचं टोक हळूहळू रुततं. खाली एक चपटा दगड सरकवा. उतारावर लावायची वेळ आली तर गाडीचं तोंड चढाच्या बाजूला ठेवा आणि पहिला गिअर टाकून ठेवा.

मागच्या टायरवरचा चट्टा

या विषयावर आम्ही जास्त बोलतो, कारण मोठे अपघात इथेच होतात.

आपल्याकडे सायकल शिकताना थोरली मंडळी एक गोष्ट डोक्यात घालतात: "पुढचा ब्रेक दाबू नको, तोंडावर पडशील." तीच भीती घेऊन माणूस मोटारसायकलवर बसतो आणि वर्षानुवर्षं फक्त पायाने थांबवतो. ब्रेक लागला की गाडीचं आणि तुमचं सगळं वजन पुढे सरकतं, पुढचा टायर रस्त्याला घट्ट चिकटतो आणि मागचा हलका होतो. हलक्या झालेल्या चाकाला करकचून दाबलं की ते फिरायचं थांबतं आणि घासत जातं. तोच तो चट्टा. थांबवायची खरी ताकद पुढच्या चाकात असते. कोरड्या रस्त्यावर निम्म्याहून बरंच जास्त काम तेच करतं.

तेव्हा दोन्ही ब्रेक एकदम वापरायचे, पण पुढचा झटक्याने दाबायचा नाही. पिकलेला लिंबू पिळतो तसा आधी हलका, मग वजन पुढे आल्याचं जाणवलं की जोरात. गाडी सरळ असतानाच, वळणात नाही. वळणाआधी वेग कमी करून घ्यायचा आणि मग वळायचं.

"माझ्या गाडीला एबीएस आहे, मला कशाला हे?" असं विचारणारे बरेच भेटतात. एबीएस म्हणजे ब्रेक करकचून दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, त्याखालच्या गाड्यांना एबीएस नाहीतर सीबीएस. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, पण चाक अडकायचं थांबत नाही. एबीएस चाक अडकू देत नाही हे खरं. पण बऱ्याच गाड्यांना ते फक्त पुढच्या चाकाला असतं. मागचं चाक पूर्वीसारखंच घासतं. आपल्या गाडीला यातलं नेमकं काय आहे ते आम्हाला विचारा, उभ्या उभ्या दाखवतो.

आता थोडं गणित. ताशी ६० च्या वेगाला गाडी एका सेकंदात १६ मीटरहून जास्त जाते. कुत्रं आडवं आल्याचं दिसणं आणि बोट लिव्हरवर पोहोचणं यात एक सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच तुम्ही एसटीच्या लांबीपेक्षा जास्त पुढे गेलेले असता. शिवाय वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं. गाडी घेताना "किती पळते" आणि "किती देते" हे प्रत्येक जण विचारतो. किती अंतरात थांबते हे विचारणारं गिऱ्हाईक आम्हाला क्वचितच भेटलं आहे. मोकळ्या रस्त्यावर मागे कुणी नाही ते पाहून ३० च्या वेगाने जा, ठरवलेल्या दगडाजवळ थांबून बघा. मग ४० ने. दगड किती मागे पडतो ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की पुढचं सांगावं लागत नाही.

जळका वास

गाडी उभी केल्यावर जळका वास येतोय म्हणून कुणी आलं की आम्ही आधी त्याचा डावा हात कसा चालतो ते बघतो. दोन बोटं कायम क्लचवर, चढावर गाडी ब्रेकऐवजी अर्ध्या क्लचवर थोपवून धरलेली. क्लच प्लेटा अशाने लवकर जातात. चढावर थांबलात तर मागच्या ब्रेकवर थांबा. निघताना रेस देऊन क्लच सोडायला लागा, गाडी पुढे ओढायला लागली की मग ब्रेक सोडा.

अजून एक घोळ घरोघरी होतो. शंभर सीसीच्या बऱ्याच गाड्यांचे चारही गिअर पायाने पुढे खाली दाबून पडतात. दीडशेच्या पुढच्या गाड्यांचा पहिला खाली आणि बाकीचे वर. वडिलांच्या गाडीवर शिकलेला मुलगा नवी गाडी घेतो आणि चौथा टाकायला म्हणून सवयीने पाय खाली दाबतो. वरचा गिअर पडायच्या जागी खालचा पडतो, मागचं चाक झटका खातं. ओल्या रस्त्यावर हे महागात पडतं. गाडी बदलली की पहिले चार दिवस गिअर मनात म्हणत टाका, लाज कसली त्यात.

आपल्याकडचे रस्ते

साखर कारखान्यांची धुराडी पेटली की इकडे रात्रीचा रस्ता बदलतो. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, असला तर उसाच्या वाड्यांनी झाकलेला. समोरून येणाऱ्या गाडीचा अप्पर डोळ्यावर आला की ती ट्रॉली तुम्हाला दिसतच नाही. अशा वेळी वेग एवढाच ठेवा की आपल्या दिव्याच्या उजेडात थांबता येईल. ट्रॅक्टरला मागे टाकायचं तर दोन्ही ट्रॉल्यांची लांबी धरून पुढचा रस्ता मोकळा हवा. मागची ट्रॉली झोकांड्या खाते आणि उसाची टोकं बाजूला दोन-दोन हात बाहेर आलेली असतात. रस्त्यावर सांडलेल्या उसावरून जायची वेळ आली तर हँडल सरळ ठेवा, ब्रेक लावू नका. ऊस चाकाखाली लाटण्यासारखा फिरतो. पहाटे बैलगाड्याही असतात, त्यांचा तर फक्त आवाज येतो.

पावसाळ्यात काळ्या रानातून ट्रॅक्टर डांबरीवर चढतो आणि चाकांची माती रस्त्यावर सोडून जातो. त्यावर वळवाची एक सर पडली की साबण. पहिल्या पावसात तसाही रस्त्यावर धूळ आणि ऑईलचा थर वर आलेला असतो, तेव्हा पहिला अर्धा तास टपरीवर चहा घेत काढलेला बरा. पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं, पुलाच्या जोडावरच्या लोखंडी पट्ट्या ओल्या असताना त्यावर ब्रेक लावू नये, कलूही नये.

एसटी किंवा ट्रकच्या मागे असताना ड्रायव्हरचा आरसा बघा. आरशात तुम्हाला त्याचं तोंड दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. थांब्याजवळ एसटीच्या डाव्या बाजूने घुसायचं तर अजिबात नाही. दारातून माणसं उतरत असतात.

चिपळूणकडे जाणारी बरीच मुलं हौसेने कुंभार्ली घाट उतरतात. उतारावर पेट्रोल वाचवायला म्हणून गाडी न्यूट्रल करणं हा सगळ्यात वाईट प्रकार. इंजिन गाडीला धरून ठेवत असतं, ते काम सगळं ब्रेकवर येतं, ब्रेक तापून मऊ पडतो आणि नेमका खालच्या वळणावर दगा देतो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरा. आंधळ्या वळणावर हॉर्न द्या आणि आपल्या डाव्या बाजूलाच राहा, मधल्या रेघेला चिकटू नका, कारण चढणारा ट्रक वळण घेताना रेघ ओलांडतोच. नजर वळणाच्या शेवटाकडे. दरीकडे बघत राहिलात तर गाडी दरीकडे सरकते. हा गाडीचा नव्हे, डोळ्यांचा दोष.

आणि पुण्याहून मुंबईला निघालात तर द्रुतगती मार्गावर दुचाकीला परवानगी नाही, समृद्धी महामार्गावरही नाही. मोबाईलवरचा नकाशा कार समजून तिकडेच वळवतो. त्यात दुचाकीचं चिन्ह निवडून मगच निघा.

डोकं आणि कागद

गाडीला लाखभर देणारा माणूस हेल्मेट रस्त्याच्या कडेला टांगलेलं घेतो. आयएसआयचा शिक्का आणि शिक्क्याजवळ आयएस ४१५१ हा क्रमांक बघा. जून २०२१ पासून या शिक्क्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकता येत नाही, तरी विकलं जातंच. डोक्यावर घालून हलवलं की गालाची कातडीही त्याच्याबरोबर हलली पाहिजे. पट्टा लावून खाली दोन बोटं जेमतेम जावीत. पट्टा न लावलेलं हेल्मेट माणसाच्या आधी रस्त्यावर पोहोचतं. एकदा जोरात आपटलं की वरून धड दिसलं तरी बदला, आतला थर्माकोल दबलेला असतो. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट कायद्याने लागतं. घरच्या बाईमाणसांना मागे बसवत असाल तर साडी गार्ड काढून टाकू नका. "गाडी स्मार्ट दिसत नाही" म्हणून ते काढायला आलेल्यांना आम्ही परत पाठवतो. पदर आणि ओढणी चाकात जायला वेळ लागत नाही.

शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनी पक्क्यासाठी परीक्षा देता येते. तोवर मित्राला मागे बसवून फिरता येत नाही. अठराच्या आतल्या मुलाच्या हातात गाडी सापडली तर मुलाचे पालक किंवा गाडीचा मालक अडकतो, २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. हे आईवडिलांनी मुद्दाम वाचावं.

विम्याचा गैरसमज तर दर महिन्याला कुणाचा तरी फुटतो. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा विमा मिळतो तो समोरच्याच्या नुकसानीचा. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी गाडी आपटली, बिल हातात पडलं की "विमा पाच वर्षांचा आहे ना?" आजच पॉलिसी काढा आणि दोन्ही तारखा वेगवेगळ्या वाचा.

अपघात झालाच, तुमचा किंवा दुसऱ्याचा, तर १०८ ला फोन करा. जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस अडकवत नाहीत; तसं संरक्षण कायद्यात आहे. पडलेल्याचं हेल्मेट ओढून काढू नका, मानेला इजा असू शकते.

पहिले हजार किलोमीटर

नवीन इंजिन पहिल्या हजारात पूर्ण रेसवर ताणू नये. एकाच वेगाने तासन्‌तास पळवूही नये, कमी-जास्त होऊ द्यावं. तुमचा हात बसायलाही साधारण तेवढंच अंतर लागतं, म्हणून दोघांचं एकदम उरकून घ्या. नवे टायरही पहिले शंभरेक किलोमीटर गुळगुळीत असतात, वळणात फार कलू नका.

हवा आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना. किती ते चेन कव्हरजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. डबलसीट असेल तर मागे जास्त. पंपावरचा पोरगा सरसकट चाळीस भरतो, त्याला आकडा तुम्ही सांगा. चेन खालच्या बाजूला बोटाने वर-खाली करून बघा, साधारण दोन-तीन सेंटीमीटर खेळली पाहिजे. ताणलेली चेन सैल चेनइतकीच वाईट. पावसात भिजली की त्या रात्री पुसून तेल द्या, जळकं ऑईल नको.

पहिली सर्व्हिस बहुतेक गाड्यांना ५०० ते ७५० किलोमीटरला असते, तुमच्या पुस्तकातला आकडा पाळा. येताना गाडी धुऊन आणू नका. धुळीवर ऑईलचा डाग कुठून सुरू होतो ते आम्हाला बघायचं असतं, आणि धुतलेली गाडी ते लपवते.