कार्ब्युरेटरला दाब कळतो, पण अर्धाच

हवेच्या फिल्टरच्या नळीत बसवायचा एक छोटा पंखा सध्या ऑनलाइन विकला जातो. नाव 'इलेक्ट्रिक टर्बो'. बॅटरीला दोन वायरी जोडल्या की जुनी मारुती ८०० ड्रॅग रेसला (सरळ रस्त्यावरच्या छोट्या अंतराच्या शर्यतीला) तयार, असं त्याच्या रील्समध्ये सांगतात. आधी हा हिशोब मिटवू.

७९६ सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांवर दर मिनिटाला साधारण १९०० लिटर हवा ओढतं. तीच हवा वातावरणाच्या दीडपट दाबाला, म्हणजे ०.५ बार बूस्टवर, कोंबून भरायची तर कॉम्प्रेसरला सुमारे ३ किलोवॅट शक्ती लागते. १२ व्होल्टवर हे झाले २५० अँपिअर. या गाडीचा अल्टरनेटर त्याच्या चौथाईही देत नाही. कॉम्प्युटरच्या पंख्याएवढी मोटर तिथे दाब निर्माण करत नाही, उलट हवेच्या वाटेत उभी राहते. खरा टर्बो ही शक्ती सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम वायूकडून घेतो. रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीवर ट्रॉलरच्या डिझेल इंजिनांचं काम करणाऱ्या मेस्त्रीला हे नव्याने सांगावं लागत नाही. मात्र डिझेलमध्ये कार्ब्युरेटर नसतो आणि या लेखाचा खरा विषय कार्ब्युरेटरच आहे: हवेत पेट्रोल मिसळून देणाऱ्या या भागाच्या जुन्या गाडीला ड्रॅगसाठी घरी टर्बो कसा बसवायचा.

गाडी कुठली, हा प्रश्न कमी खर्चात सोपा आहे. १९८३ साली आलेली मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली: तीन सिलिंडर, ताकद ३७ अश्वशक्तीच्या आसपास, वजन साधारण साडेसहाशे किलो. टर्बो भंगारातला, १२४८ सीसीच्या मल्टिजेट डिझेलचा. त्यातही ७५ अश्वशक्तीच्या आवृत्तीचा साधा वेस्टगेटवाला (दाब वाढला की धूर बाजूने सोडणाऱ्या झडपेचा) घ्यावा. हलत्या पात्यांचा नको, त्याचं नियंत्रण घरी बसवणं म्हणजे दुसरा प्रकल्प. ट्रकचा टर्बो फुकट मिळाला तरी घेऊ नये. एवढ्याशा इंजिनाच्या धुराने तो शर्यत संपेपर्यंत फिरायलाच लागत नाही.

टर्बो आणि कार्ब्युरेटर यांची जोडी दोन प्रकारे लागते. पहिल्या प्रकारात कार्ब्युरेटर टर्बोच्या आधी, म्हणजे टर्बो हवेबरोबर पेट्रोलही गिळतो. १९६२ च्या शेवरोले कॉर्व्हेरमध्ये असंच होतं. यात कार्ब्युरेटरला काही कळायचंच नसतं, पण इंटरकूलर, म्हणजे दाबून तापलेली हवा थंड करणारी जाळी, लावता येत नाही (पेट्रोल त्यात साचून बसतं) आणि टर्बोला कॉम्प्रेसरच्या बाजूने खास कार्बन सील लागतं. दुसऱ्या प्रकारात टर्बो आधी, मग इंटरकूलर, मग कार्ब्युरेटर. कार्ब्युरेटर टर्बोनंतर, हा क्रम लोटस एस्प्रिट टर्बो आणि मासेराती बिटुर्बो या गाड्यांमध्ये होता, सुरुवातीला इंटरकूलरशिवाय. घरच्या कामाला हाच प्रकार बरा. फक्त इथे कार्ब्युरेटर दाबाच्या हवेत बुडालेला असतो, आणि बहुतेक इंजिनं तिथेच मरतात.

का, ते शहाळ्यावरून बघू. शहाळ्यात स्ट्रॉ घातली आणि भोवतालचं भोक अंगठ्याने गच्च बंद केलं, तर दोन घोट येतात आणि पाणी अडतं. तुम्ही ओढता म्हणून पाणी वर येत नाही. आत पाण्यावर हवेचा दाब असतो आणि तुमच्या तोंडात त्याहून कमी, म्हणून ते येतं. कार्ब्युरेटरचा फ्लोट बाउल, म्हणजे पेट्रोल साठवणारी वाटी, हे ते शहाळं, जेट म्हणजे स्ट्रॉ. घशाच्या अरुंद भागात हवा वेगाने जाते, तिथला दाब उतरतो आणि बाउलमधलं पेट्रोल जेटमधून वर चढतं. आता घशात टर्बोने अर्धा बार दाब भरला आणि बाउलचं श्वासाचं भोक बाहेरच्या हवेला उघडं राहिलं, तर काय होईल? पेट्रोल वर येणार नाही. हवाच जेटमधून बाउलमध्ये बुडबुडेल. म्हणून कार्ब्युरेटरच्या डोक्यावर जी हवाबंद टोपी बसवायची, तिच्या आतलाच दाब बाउललाही मिळाला पाहिजे. बाउलमधून बाहेर जाणारी दुसरी प्रत्येक नळी बंद करायची, नाहीतर टोपीत जोडायची. इतकं केलं की दाबाचा फरक पुन्हा जागेवर येतो.

इथवर बहुतेकांना माहीत असतं. आणि इथेच एक गैरसमज पक्का होतो, की दोन्हीकडे सारखा दाब म्हणजे कार्ब्युरेटर आपोआप जुळवून घेतो. तो घेत नाही. अर्धंच जुळवतो, आणि हा 'अर्धा' अगदी नेमका आहे.

घराच्या गच्चीवरची टाकी चौपट उंचावर नेली तर खालच्या नळाचं पाणी चौपट वेगाने येत नाही, दुप्पट येतं. भोकातून जाणारा द्रव दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात जातो. आता घशातली हवा १.४ पट दाट झाली, वेग तोच राहिला, असं धरा. इंजिनात जाणारी हवा १.४ पट झाली. घशातला दाबाचा उतारही १.४ पट झाला. पण जेटमधून येणारं पेट्रोल वाढलं १.४ च्या वर्गमुळाने, म्हणजे फक्त १.१८ पट. पूर्ण रेसवर, म्हणजे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना, एका भाग पेट्रोलला साडेबारा भाग हवा असं जुळवलेलं मिश्रण बूस्ट येताच १४.८ वर गेलं. हायवेवर साठच्या वेगाने जाताना हा आकडा चांगला. पूर्ण रेसवर, दाबाखाली, हा पिस्टनचा मृत्यू.

उलट बाजूने हाच नियम जुन्या ड्रायव्हरांनी अनुभवलेला आहे. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला गेलं की हवा सुमारे १२ टक्के विरळ होते. कार्ब्युरेटरची गाडी तिथे हवेच्या मानाने ६-७ टक्के जास्त पेट्रोल खाते, काळपट धूर मारते आणि जड वाटते. वर्गमूळ तेच, दिशा उलटी.

वर १.४ कुठून आला? दाब दीडपट केला म्हणून हवा दीडपट दाट होत नाही, कारण दाबताना ती तापते. किनाऱ्यावरची ३५ अंशांची हवा अर्ध्या बारवर छोट्या टर्बोतून बाहेर पडताना ९३ अंशांच्या आसपास असते. इंटरकूलर नसेल तर घनता १.२६ पटच वाढते. मध्यम दर्जाचा इंटरकूलर ती ५८ अंशांवर आणतो आणि १.४ गाठतो. कोकणात आणखी एक कर आहे, दमटपणाचा. ३३ अंशांवर ७५ टक्के आर्द्रता असेल तर हवेतला जवळजवळ ४ टक्के भाग नुसती वाफ असते, आणि त्या वाफेत जाळायला ऑक्सिजन नसतो. त्यामुळे जानेवारीच्या पहाटे जुळवलेला जेट मे महिन्यात थोडा जास्त पेट्रोल देतो. ही चूक बऱ्या बाजूची. मे महिन्यात जुळवून जानेवारीत धावलात, तर चूक वाईट बाजूची.

आता जेट. त्यावरचा ११५ हा आकडा म्हणजे १.१५ मिलिमीटरचं भोक. भरून काढायच्या गोष्टी तीन. वर्गमुळाची तूट, १.१८ पट. बूस्टवर मिश्रण नेहमीपेक्षा गडद हवं, लॅम्ब्डा (इंधन पुरतं जाळायला लागणाऱ्या हवेच्या किती पट हवा आहे तो आकडा) ०.८० च्या आसपास, त्यासाठी साधारण १.०६ पट. आणि आजच्या पेट्रोलमधलं २० टक्के इथेनॉल. त्याला तेवढ्याच हवेसाठी ८-९ टक्के जास्त इंधन लागतं, म्हणजे १.०९. गुणाकार १.३६. हे क्षेत्रफळ झालं, व्यास त्याच्या वर्गमुळाने वाढतो: १.१७ पट. ११५ चा जेट १३५ होतो. दोन घशांच्या कार्ब्युरेटरमध्ये दोन्ही मेन जेट याच पटीत वाढवायचे. छिद्र पाडायचं तर हातात धरायच्या बारीक चकमध्ये ड्रिल लावून. मशीनवर नको, पितळ ओरबाडलं जातं आणि आकडा फसतो. हा हिशोब सुरुवातीचा. शेवटचा निर्णय धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या वाइडबँड लॅम्ब्डा मीटरचा, आणि पैसे वाचवायचे ते इथे नाही. मीटर लॅम्ब्डामध्येच वाचा. हवा-पेट्रोलचं गुणोत्तर दाखवणारा आकडा इथेनॉलच्या पेट्रोलला फसवा असतो.

एवढा मोठा जेट बूस्ट नसताना गाडीला पेट्रोलात बुडवेल, हे खरं. रोजच्या गाडीत यासाठी दाबावर उघडणारी वेगळी वाट करावी लागते. ड्रॅगच्या गाडीला फक्त पूर्ण रेस माहीत असते, म्हणून हे काम तिच्यावर करणं सोपं.

पुढचा घोळ पंपाचा. मूळ पंप कॅमशाफ्टवर चालतो आणि ०.२ बारच्या आसपास दाब देतो. बाउलमध्येच अर्धा बार दाब असेल तर पेट्रोल आत शिरणार कसं? तरीही गाडी सुरुवातीला झकास पळते. या इंजिनाला बूस्टवर सेकंदाला सुमारे ६ सीसी पेट्रोल लागतं. बाउलमध्ये ४० सीसी असेल तर सहा-सात सेकंद निघतात. पहिला गिअर उत्तम, दुसरा उत्तम, तिसऱ्याच्या मध्यावर पिस्टनला भोक. मग दोष टर्बोला दिला जातो. उपाय असा: इलेक्ट्रिक पंप, टाकीकडे परतीची नळी, आणि बूस्टची नळी जोडता येणारा रेग्युलेटर. बूस्ट नसताना ०.२ बार, अर्ध्या बारवर ०.७. बाउलमधला फ्लोट पोकळ पितळेचा असेल तर दाबाने चेपतो, भरीव बसवावा. जुने रबरी डायफ्रॅम, नळ्या आणि नीडलचं टोक इथेनॉलने फुगतं, ते व्हायटॉनचं (इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं) घ्यावं. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून किनाऱ्यावर गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बाउल रिकामा करून ठेवा; नाहीतर जस्ताच्या मिश्रधातूवर पांढरी भुकटी धरते आणि जेटमध्ये जाऊन बसते.

भुकटीवरून आठवलं. पेट्रोलमध्ये डांबरगोळ्या टाकल्या की 'पॉवर' वाढते, ही समजूत अजून मेलेली नाही. नॅप्थलीनने आजच्या पेट्रोलचा ऑक्टेन काही वाढत नाही. ते मूळचं घनरूप. पेट्रोल उडून गेलं की जेटच्या भोकात स्फटिक होऊन बसतं. म्हणजे हिशोब करून १३५ चा केलेला जेट पुन्हा ११५ चा. बोनेटवरचं लिंबू-मिरची निदान जेटमध्ये तरी जात नाही.

बाकीचं भरभर. टोपी दोन मिलिमीटर पत्र्याची करा आणि खाली स्टडने आवळा. ८० मिलिमीटर व्यासाच्या तोंडावर अर्धा बार म्हणजे २५ किलोंचा उचल आहे, क्लिप टिकत नाही. थ्रॉटलच्या दांड्याला सील घाला, कारण तिथून आता पेट्रोलचा फवारा बाहेर येतो आणि वीतभर अंतरावर लाल झालेला टर्बो असतो. अग्निशामक सीटशेजारी हवाच. इंजिनाचा धूर टर्बोकडे नेणारा मॅनिफोल्ड जाड स्टीम पाइपच्या बेंडचा, आर्गन वेल्डिंगने. फ्लँज कुडाळ किंवा मिरजोळ्याच्या एमआयडीसीत कापून मिळतील. टर्बोला ऑईल प्रेशर स्विचच्या जागी टी लावून ऑईल द्या, आणि परतीची नळी निदान १२ मिलिमीटर, सतत उताराची, चेंबरमधल्या ऑईलच्या पातळीच्या वर सोडा. टर्बो निळा धूर सोडतो तेव्हा दहातल्या बऱ्याच वेळा सील गेलेलं नसतं, ही नळी तुंबलेली असते. क्रँककेसच्या नळीत एकदिशा व्हॉल्व्ह हवा.

डिझेलचा वेस्टगेट मात्र आहे तसा बसवू नका. तो डिझेलच्या जास्त दाबावर उघडायला केलेला असतो. मऊ स्प्रिंगचा ॲक्च्युएटर शोधा, टेबलावर हातपंप आणि गेज लावून ०.५ बारला दांडा हलतो का ते बघा. शिवाय डिझेलचा धूर पेट्रोलपेक्षा थंड असतो, त्यामुळे हा टर्बो लांब वेळ पूर्ण रेसवर टिकणार नाही. वीस सेकंद टिकतो.

इग्निशन, म्हणजे ठिणगीची वेळ, ५ ते ७ अंश मागे. प्लग एक-दोन नंबर थंड: एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये उलट. फट ०.६ मिलिमीटर, कारण दाट हवेत ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. दोन हेड गॅस्केट लावून कॉम्प्रेशन उतरवण्याचा सल्ला मिळेल. अर्ध्या बारला तो नको; हेड आणि पिस्टनमधली अरुंद फट वाढली की ज्वाला रेंगाळते आणि ठोका (मिश्रण आपोआप भडकून बसणारा धक्का) उलट लवकर येतो.

मिळतं किती? ताकद १.४ पट, म्हणजे पन्नास-एक अश्वशक्ती. पण एका ठरावीक अंतराला लागणारा वेळ वजन भागिले ताकद याच्या घनमुळाने बदलतो. ४०२ मीटरला २० सेकंद घेणारी गाडी १८ च्या जरा खाली येते. त्यात मागची सीट, स्टेपनी, गालिचे मिळून पन्नास किलो काढले तर आणखी अर्धा सेकंद, तोही फुकट. हे अंतर सड्यावरच्या सरळ रस्त्यावर मोजायचं नाही: मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ सार्वजनिक रस्त्यावरच्या शर्यतीला शिक्षा देतं आणि कलम ५२ गाडीतल्या अशा बदलांनाच आडवं येतं. गाडी ट्रेलरवर घालून परवानगीच्या स्पर्धेला न्यायची, जशा लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर झाल्या आहेत.

प्रत्येक धावेनंतर पूर्ण रेसवरच इग्निशन बंद करा, क्लच दाबून गाडी घरंगळू द्या आणि तिन्ही प्लग काढून भिंगाखाली बघा. चिनीमातीवर फिकट तपकिरी रंग असेल तर जेट बरोबर. काळी काजळी असेल तर जेट एक पायरी लहान करता येईल. पांढऱ्या चिनीमातीवर रव्याच्या कणांसारखे चमकते ठिपके दिसले, तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. गाडी ट्रेलरवर चढवा.