एक्स गुणसूत्राची निम्मी मात्रा

सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स हा जेमतेम १ मिलिमीटर लांबीचा सूत्रकृमी नर तरी असतो किंवा उभयलिंगी, आणि हा भेद ठरतो तो एक्स गुणसूत्रांच्या संख्येवरून: उभयलिंगी कृमीत ती दोन असतात, नरात एकच, आणि वाय गुणसूत्र या प्राण्याला नाहीच. एक्सवरील बहुतेक जनुकांचा लिंगाशी संबंध नसतो. ती स्नायू, आतडे, चेतापेशी यांच्या नित्याच्या कामाची असतात. त्यामुळे दोन एक्स असलेल्या भ्रूणात त्यांचे काम दुप्पट होऊ लागले, तर तो भ्रूण जगत नाही. ही जास्तीची मात्रा पेशी ओळखते कशी आणि कमी करते कशी, याचा शोध बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक बार्बरा मेयर यांनी अनेक दशके घेतला आहे.

हीच अडचण इतर प्राण्यांनी वेगळ्या रीतीने सोडवली आहे. सस्तन प्राण्यांच्या मादीत दोनपैकी एक एक्स जवळजवळ पूर्ण बंद केला जातो, ही कल्पना मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडली. फळमाशीत उलट नराच्या एकुलत्या एक्सचे काम दुपटीने वाढवले जाते. सूत्रकृमी मात्र दोन्ही एक्स चालू ठेवून प्रत्येकाचे काम सुमारे निम्म्यावर आणतो. माझ्या मते तिन्हींत हाच मार्ग सर्वांत अवघड आहे, कारण एखादे जनुक बंद करण्यापेक्षा ते नेमके अर्धे चालवणे कठीण.

पेशी एक्सची संख्या सुटी मोजत नाही, इतर गुणसूत्रांच्या संचांच्या तुलनेत मोजते; हे संच एरवी दोन असतात. ही मोजणी किती काटेकोर असते पाहा. एक्सच्या दोन प्रती आणि इतर गुणसूत्रांचे तीन संच असतील तर नर घडतो, तीन प्रती आणि चार संच असतील तर उभयलिंगी. या मोजणीचा निकाल ज्या जनुकावर येऊन ठेपतो, ते झॉल-१ मेयर यांच्या गटाने १९८८ मध्ये प्रसिद्ध केले. ते चालू असेल तर नर घडतो. दोन एक्स असतील तर ते दबले जाते, एसडीसी-२ हे प्रथिन तयार होते आणि दोन्ही एक्सवर बसून इतर प्रथिनांना तेथे ओढून आणते. ज्या नर-भ्रूणात झॉल-१ बिघडलेले असते, त्यात ही सारी यंत्रणा एकाच एक्सवर चालून जाते आणि भ्रूण मरतो.

ओढून आणलेली प्रथिने बरीचशी जुनीच निघाली. पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्रे घट्ट गुंडाळणाऱ्या कंडेन्सिन या प्रथिनांच्या संकुलातला एक घटक बदलून त्याजागी डीपीवाय-२७ बसवले, की तेच संकुल एक्सचे काम आवरू लागते. त्याच्या जोडीला असलेले डीपीवाय-२१ हे विकर आहे, हे २०१७ मध्ये उघड झाले: डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांपैकी एच-४ वरच्या ठरावीक जागी मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट दोन असतील, तर ते त्यातला एक काढून टाकते. डीएनएतील अक्षर एकही न बदलता जनुकाचे काम बदलते. अधिजनुकशास्त्राचा विषय तो हाच.

पुढचा भाग मला सर्वांत उद्बोधक वाटतो. २०१५ मध्ये मेयर यांच्या गटाने दाखवले की कंडेन्सिनमुळे एक्स गुणसूत्र स्पष्ट सीमा असलेल्या मोठ्या विभागांत दुमडले जाते आणि या सीमा, संकुल जेथे सर्वांत घट्ट चिकटते तेथेच पडतात. जनुकांचे काम निम्मे होण्याचे कारण हीच घडण असणार, असे वाटणे स्वाभाविक होते. त्यांनी सीमेवरची अशी आठ स्थळे गुणसूत्रातून कापून टाकली. सीमा नाहीशा झाल्या. एक्सवरील जनुकांचे काम मात्र निम्मेच राहिले. २०१९ च्या या निष्कर्षाला एक अनपेक्षित पुरवणी होती: अशा कृमींचे आयुष्य घटले आणि उष्णता सोसण्याची त्यांची ताकदही कमी झाली. म्हणजे घडण निरुपयोगी नव्हती, तिचे काम वेगळे होते.

मग निम्मे होते कसे? जनुकाची आरएनए नक्कल करणारे पॉलिमरेज हे विकर एक्सवरील जनुकांच्या आरंभस्थानीच कमी प्रमाणात पोहोचते, असे २०१३ मध्ये दिसून आले होते. सीमा पुसल्यानंतरही कंडेन्सिन एक्सवरच्या इतर अनेक ठिकाणी बसलेले असते, त्यामुळे पॉलिमरेजला अडवणारी खरी कृती तेथे शोधावी लागते.